वासराच्या कपाळावरचं कुंकू

बॅगेत मी काय काय भरलं होतं ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हे तर झालंच. शिवाय दोन किलो गूळ, वेलदोडे, एक जायफळ, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि हळदकुंकवाची कोयरी. "तिकडे गूळ कशाला?" असं ह्यांनी विचारलं. म्हटलं, मुलगी गाईंच्या कळपात राहते, गाई विणार आहेत, म्हणजे चीक मिळणार, आणि चीक मिळाला की खरवस होणार. ह्यांनी गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी बदलली. गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झाल्यामुळे ते येणार नव्हते. लग्नानंतर इतका लांबचा प्रवास मी एकटीने करण्याची ही पहिलीच वेळ.

आमची केतकी ब्राझीलमध्ये असते. पशुअनुवंशशास्त्रात डॉक्टरेट केली आणि तिथेच एका मोठ्या फार्मवर नोकरीला लागली. आमच्या बेव्हर्ली पार्कच्या बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं की मी सांगायची, "गाईंवर संशोधन करते." लोक भारावून जायचे. समोरच्या मीनाबेन तर हात जोडायच्या, "गोमाता की सेवा है, भाभी, बहुत पुण्य का काम!" मी हसून दार लावून घ्यायची. वाक्य खोटं नव्हतं, फक्त मी ते अर्ध्यावर सोडत होते. त्या गाई दुधाच्या नाहीत, मांसाच्या आहेत. मी मासे खाते, कोंबडी खाते, सोवळी वगैरे मुळीच नाही. पण गाय म्हणजे गाय. रोज सकाळी भाईंदर पूर्वेला भाजी आणायला जाते तेव्हा देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडून गवताची पेंढी घेऊन तिला भरवते, पाठीला हात लावून तो कपाळाला टेकवते, आणि मगच मेथी-कोथिंबिरीकडे वळते.

लाल मातीचा रस्ता

विमानांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अंग आंबलं आणि तीन वेळा पाव मिळाला, एवढंच. साओ पाउलोच्या कस्टमवाल्याने मात्र मेतकुटाची पिशवी नाकाशी नेली, डोळे मिटले, पुन्हा वास घेतला आणि साहेबाला बोलावलं. साहेबानेही घेतला. दोघांनी बराच वेळ चर्चा केली. मी खाण्याची खूण करून दाखवली, पोटावरून हात फिरवला, बोटं चाटली. मागची रांग हसायला लागली तेव्हा कुठे त्यांनी मला सोडलं.

तिथून आणखी एक विमान, आणि मग केतकीची धुळीने माखलेली जीप. पोरगी काळवंडली होती, खांद्याने रुंद झाली होती. मिठी मारताना तिच्या अंगाला गोठ्याचा वास आला आणि मला उगाचच बरं वाटलं. रस्त्याची माती थेट आमच्या कोकणातली, लालबुंद. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत गवत, त्यात कमरेइतकी उंच वारुळं, मध्येच पिवळ्या फुलांनी डवरलेलं एखादं झाड. शहामृगाच्या जातीचे पक्षी कुंपणालगत पळत होते आणि केतकी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

आणि मग गाई दिसल्या. पांढऱ्या शुभ्र, वशिंड असलेल्या, गळ्याखाली पोळी लोंबणाऱ्या, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांच्या. मी जीप थांबवायला लावली.

"अगं, ह्या तर आपल्याच!"

"आपल्याच आहेत," केतकी म्हणाली. "ह्यांचे पूर्वज आंध्रातून बोटीने आले. इकडे नेलोर म्हणतात. गोऱ्या लोकांच्या देशातल्या गाई इथल्या उन्हात धापा टाकतात, गोचिडी त्यांना खाऊन टाकतात. ह्यांना काही होत नाही."

मला फार आनंद झाला. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसा. आणि मग लगेच आठवलं की ह्या इथे कशासाठी आहेत. केतकीने माझ्याकडे पाहिलं आणि जीप सुरू केली.

सोनोग्राफी

दुसऱ्या दिवशी तिने मला तिचं काम दाखवलं. लोखंडी पिंजऱ्यात एकेक वर्षा-दीड वर्षाचा गोऱ्हा येतो. त्याच्या बरगड्यांवर तेल चोपडायचं, त्यावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवायचं, आणि पडद्यावर आंब्याच्या कोयीसारखा एक आकार दिसतो. तो पाठीचा स्नायू. त्याच्यावरची पांढरी रेघ म्हणजे चरबी. केतकी दोन्ही मोजते. कुठल्या वळूच्या पोरांमध्ये स्नायू मोठा, कुठल्यांत चरबी पुरेशी, कोण भरभर वाढतं, कोण मागे राहतं, असं सगळं गणित मांडून पुढच्या वर्षी कुठल्या वळूचं रेत वापरायचं ते ती ठरवते. जनावर न कापता त्याचं मांस कसं निघेल ते कळावं म्हणून हा खटाटोप.

सोनोग्राफी म्हटलं की मला हलणारं बाळ आठवतं. इथे पडद्यावर जे दिसत होतं ते मला बघवेना. मी बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले.

तिथे फार्मचे मुकादम होते, सेउ वाल्मिर. सेउ म्हणजे आपलं राव. साठीचे, मिशाळ, घोड्यावरून उतरले तरी चालताना घोड्यावरच असल्यासारखे. त्यांनी माझ्यापुढे एक शिंग धरलं. गाईचं शिंग, आत हिरवा पाला, थंड पाणी आणि पितळी नळी. तेरेरे म्हणतात त्याला. एकाने प्यायचं, पुन्हा पाणी घालायचं, दुसऱ्याला द्यायचं, नळी तीच. शिंग गाईचं आणि वर सगळ्या कळपवाल्यांचं उष्टं! मी गळ्याला हात लावून "थायरॉइड, थायरॉइड" म्हणाले. ते बिचारे गंभीर झाले. त्यांनी टोपी काढली आणि बहुधा मला लवकर बरं वाटावं अशी प्रार्थना केली.

जेवायला भात, राजम्यासारख्या, शेंगदाण्याएवढ्या काळ्या दाण्यांची उसळ आणि चीज घातलेले छोटे गोल पाव. ते पाव इतके ओळखीचे लागले की मी चौकशीच केली. ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच कंदाच्या पिठाचे! मी सहा खाल्ले. उपासाला चालतील की नाही ह्यावर ह्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर वादही घातला.

त्या संध्याकाळी केतकीने खरी गोष्ट सांगितली.

"आई, ह्या आठवड्यात बंड्यापासून गाभण राहिलेल्या कालवडी विणार आहेत."

बंड्या हा वळू. त्याला खरं तर एक लांबलचक नंबर होता, पण केतकीने बंड्या म्हटलं आणि आता सगळे गुराखी "बांजा" म्हणत होते. गोष्ट अशी होती. फार्मच्या मालकीणबाई डोना सेलिया ह्यांना मोठी जनावरं हवी होती. मोठं वजन, मोठा पैसा. त्यांनी मागे एक भारदस्त वळू वापरला. त्याची वासरं पोटातच इतकी वाढली की पहिलटकरणींची सुटका होईना. साखळ्या बांधून वासरं ओढावी लागली, काही कालवडी गेल्या, काही वासरं गेली. जन्माचं वजन आणि पुढची वाढ ही दोन्ही बहुधा हातात हात घालून येतात, त्यामुळे एक हवं तर दुसरं गळ्यात पडतंच. केतकीने मात्र सगळं गणित चाळून असा वळू शोधला होता, ज्याची पोरं जन्मतः बारीक असावीत आणि नंतर मात्र झपाट्याने वाढावीत. मालकीणबाईंना पटलं नव्हतं. बारीक वासरू म्हणजे बारीक बैल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एका तुकडीपुरती परवानगी मिळाली होती.

"आणि वासरं दगावली तर?"

"तर पुढच्या वर्षी मी इथे नाही. आणि पुन्हा तोच जुना वळू."

मी म्हटलं, "केतू, शेवटी ती मारलीच जाणार ना गं?"

"गोऱ्हे जाणार," ती म्हणाली. "ते मी नाही थांबवू शकत. मी नसले तरी जाणारच आहेत. पण एखादी दोन वर्षांची पोर बाळंतपणात फाटून मरते, ते मी थांबवू शकते. तू नाही का सांगायचीस, मी चार किलोची होते म्हणून भाईंदरच्या नर्सिंग होममध्ये तुझं काय झालं ते?"

मी सांगायची खरी. दर वाढदिवसाला सांगायची. तिने ते इतकं मनावर घेतलं असेल असं वाटलं नव्हतं. त्या क्षणी माझं सगळं अवघडलेपण एका बाजूला झालं आणि मला फक्त त्या कालवडी सुखरूप सुटायला हव्या होत्या.

कुंकू

तिसऱ्या दिवशी सकाळी सेउ वाल्मिर खिडकीशी आले. कुंपणाच्या कोपऱ्यात एक कालवड आडवी पडली होती. आम्ही जीपने गेलो आणि लांब उभे राहिलो. मी गूळ घेतला नव्हता, पण डबा घेतला होता, आणि पर्समध्ये कोयरी होती.

वासरू सुटलं, ते कोणी हात न लावता. पुढचे पाय, नाक, खांदे, आणि मग सगळंच सरकन गवतावर. केतकीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. तिने श्वास सोडला, सेउ वाल्मिरनी टोपी उडवली. कालवड उठली, दोन पावलं पुढे गेली आणि पाठ करून उभी राहिली, आपल्याला काय झालं हे तिला कळतच नसल्यासारखी. केतकी आणि वाल्मिर जीपच्या मागे वजनकाटा काढायला गेले.

आणि मी चालू लागले.

आता सांगताना मलाच हसू येतं, पण तेव्हा ते अगदी सरळ वाटलं. घरात बाळ आलंय, मुलीच्या कष्टांचं पहिलं फळ आहे, त्याला हळदकुंकू लावायचं नाही तर काय करायचं? शिवाय रोज सकाळी मी ज्या गाईला हात लावते ती नुसतं शेपूट हलवते. मी वासराशी वाकले. ते ओलंचिंब होतं, वाफाळत होतं. कपाळावर चिमूटभर हळद आणि वर कुंकू लावलं. ओल्या केसांवर ते असं बसलं की काय सांगू! मग आईच्या पाठीला हात लावायला म्हणून मी पुढे झाले.

कालवड वळली. तिने मान खाली घातली, नाकातून फुंकर मारली आणि आली.

"आई, पळ!"

अठ्ठावन्नाव्या वर्षी, साडीत, मी अशी पळाले की एवढं पळता येतं हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. एक चप्पल गेली, डबा गेला, झाकण कुठेतरी घरंगळलं. सेउ वाल्मिरनी मला कंबरेला धरून जीपच्या मागच्या भागात पोत्यासारखं टाकलं. त्याच वेळी डब्याच्या आवाजाने कालवड बुजली आणि कुंपणालगत धावत सुटली, थेट लांबच्या कळपात.

वासरू तिथेच पडून राहिलं, न चाटलेलं, कपाळावर लाल टिळा लावलेलं.

केतकी माझ्यावर ओरडली नाही, आणि तेच जास्त लागलं. ती नुसती म्हणाली, "पहिलटकरीण आहे, आई. तिला अजून माहीत नाही ते तिचं आहे. चाटताना वास घेते, तेव्हा तिला कळतं. आता त्याला तुझा वास आहे."

"मी पुसून येऊ का?"

"अजून वास लागेल. कोणी खाली उतरायचं नाही."

आम्ही जीप मागे घेतली आणि बसलो. ऊन चढत होतं. वर दोन गिधाडं आली, काळी, घिरट्या घालणारी. वासराने एकदा मान उचलली आणि टाकली. मला वाटलं, सात समुद्र ओलांडून मी मुलीच्या पोटावर पाय द्यायला आले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पदर शोधला तर तोही शेणाने माखला होता. सेउ वाल्मिर म्हणाले, "काल्मा, डोना," आणि पुन्हा, "काल्मा." धीर धरा, बाई, म्हणत होते हे मला कोणी न सांगता समजलं.

बऱ्याच वेळाने वासरू हंबरलं. फार मोठ्याने नाही, घसा साफ केल्यासारखं. लांब कळपात एक मान वर झाली. ती कालवड चालत निघाली, थांबली, परत वळली, पुन्हा निघाली. वासराजवळ येऊन तिने नाक खाली नेलं आणि झटक्याने मागे घेतलं. दोन पावलं मागे गेली. केतकी माझ्या शेजारी पुटपुटत होती, "घे ना, घे ना." कालवडीने पुन्हा नाक नेलं. पुन्हा मागे.

आमच्याकडे कुंकू पुसणं हे शब्दसुद्धा कोणी उच्चारत नाही. चुकून बोट लागून टिकली पडली तरी माझी आई पटकन दुसरी लावायला लावायची. आणि मी त्या जीपमध्ये हात जोडून म्हणत होते, "पूस बाई, पूस. तेवढं पूस."

तिसऱ्यांदा तिने जीभ बाहेर काढली. आधी कान चाटला. मग गाल. मग कपाळ, एकदा, दोनदा, जोर लावून, वासराची मान मागे पडेपर्यंत. तिची जीभ लाल झाली. कुंकू गेलं. ती घशातून एक बारीक आवाज काढायला लागली, आणि थोड्या वेळाने वासरू चार पायांवर उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं, आणि चुकीच्या टोकापासून सुरुवात करत शेवटी सडापाशी पोचलं.

हुश्श! मी इतक्या जोरात म्हटलं की सेउ वाल्मिरसुद्धा "हुश्श" म्हणाले. केतकी रडत होती आणि हसत होती. सेउ वाल्मिरनी शिंगात पाणी ओतलं आणि स्वतः प्यायले. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं, मी "थायरॉइड गेला" अशी खूण केली. कडू होतं, गार होतं. आयुष्यात इतकं बरं काही प्यायल्याचं आठवत नाही. दुसऱ्यांदाही मागितलं.

"आणि चीक?" मी नंतर हळूच विचारलं.

"इथे कोणी दूध काढत नाही, आई," केतकी म्हणाली. "जे आहे ते सगळं वासराचं." चेपलेला डबा तिने माझ्या हातात दिला.

वजन

दुसऱ्या दिवशी, आई शांत झाल्यावर, सेउ वाल्मिरनी घोडा मध्ये घातला आणि केतकीने वासराला झोळीत घालून काट्याला लटकवलं. डोना सेलिया स्वतः आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, बूट घातलेल्या. काटा बघून म्हणाल्या, "बारीक आहे." केतकी म्हणाली, "बारीकच हवं होतं. आई उभी आहे बघा, चरतेय." बाईंनी कालवडीकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, "बघू, वाढतं का." त्यांच्याकडून हे पुष्कळ होतं, असं केतकीने मला नंतर समजावलं.

मग केतकीने वासराचं शेपूट उचललं आणि माझ्याकडे वळून मराठीत ओरडली, "आई, मुलगी आहे! ही राहणार!"

केतकी झाली तेव्हा नर्सिंग होमच्या बाहेर कोणी पेढे आणले नव्हते. सासूबाई "असू दे" म्हणाल्या होत्या. आणि इथे, मुलगी म्हणून एक जीव कळपात राहणार होता, आई होणार होता. मी त्या कुंपणाला धरून उभी राहिले आणि मला एकदम मोकळं मोकळं वाटलं. पुढे आठवडाभर आणखी कालवडी व्याल्या, तेव्हा गोऱ्हेही झाले. त्यांना बघताना मात्र मी त्यांच्या कपाळाकडे नजर जाऊ दिली नाही.

बेव्हर्ली पार्क

घरी येऊन मी झोप काढतेय तोच केतकीचा फोन आला. तुकडीतली शेवटची कालवड सुटली होती. एकीलाही साखळी लावावी लागली नाही. डोना सेलियांनी पुढच्या वर्षी बंड्याला दुप्पट कालवडी द्यायला सांगितल्या होत्या, आणि केतकीलाही तिथेच ठेवलं होतं. मी फोन ठेवला आणि ह्यांना काशीमीऱ्याच्या तबेल्यात पिटाळलं. गुडघा धरून कुरकुरत गेले, पण म्हशीचा चीक घेऊन आले. गूळ आणि जायफळ ब्राझील फिरून परत आलंच होतं. डबा जरा चेपला होता, तरी झाकण बसलं.

वाट्या भरून मी समोरचं दार वाजवलं.

"अरे वा, खरवस! किसके घर गाय ब्याई?" मीनाबेननी विचारलं.

"केतकी के यहाँ."

"कितना पुण्य! बहुत दूध देती होगी."

नेहमीप्रमाणे मी हसून वळू शकले असते. तोंड तसं झालंही होतं.

"दूध नहीं निकालते, मीनाबेन," मी म्हटलं. "वो गायें मांस के लिए हैं. मेरी लड़की उनके सांड चुनती है. ऐसे, कि बच्चा छोटा हो, और माँ को तकलीफ न हो."

मीनाबेनच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मला सगळं ओळखीचं होतं. माझ्याही चेहऱ्यावरून ते सगळं जाऊन आलं होतं. मी वाट बघत उभी राहिले.

"और वो गाय?" त्यांनी शेवटी विचारलं. "पहली बार थी ना उसकी? उसको कुछ हुआ तो नहीं?"

"कुछ नहीं. अपने आप छूटी."

"मेरे को पहली बार में कितने टाँके आए थे, भाभी," मीनाबेन म्हणाल्या. "आज भी बैठती हूँ तो याद आता है."

आणि तिथेच दारात उभ्या राहून त्यांनी वाटी संपवली.